मोजणी कोणत्या नकाशावरून झाली, ते आधी बघा

दादा, शेजाऱ्यांनी मोजणी आणली, खुणा तुमच्या बांधाच्या आत पडल्या, पाच गुंठे त्यांचे निघाले. आता दावा टाकू की पुन्हा मोजणी लावू, असं तुम्ही विचारलंय. आजोबांच्या काळापासून तोच बांध आणि दोन्ही घरांनी आजवर तिथूनच औत वळवलं, हे वाचलं आणि आमचंच प्रकरण डोळ्यांपुढे आलं. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. भावकीही नव्हती, नुसता शेजार होता. तरी वडिलांच्या हयातीत दोन्ही घरांचं लग्नकार्याला जाणं बंद झालं, ते अजून बंदच आहे.

सातबारा, आठ अ, फेरफार तुमच्याकडे असणारच, त्यात शिरत नाही. मोजणी गट नकाशावरून झाली की जुन्या टिपणावरून, हे मात्र 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळते ती नकाशाची प्रत, हातात घेऊन विचारा.

तुमच्याकडे गट नंबर आहेत, म्हणजे गावात 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखालची योजना झालेली आहे. त्याआधी सर्व्हे नंबर आणि हिस्से होते. ती मोजणी शंकू साखळीची. साखळी 33 फुटांची, एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. बांधाची मापं तेव्हा टिपणात आकड्यांनी लिहून ठेवलेली. योजनेत हिस्से जोडून गट पाडले, पण बऱ्याच ठिकाणी बदल कागदावरच झाला आणि माणसं जुन्या वहिवाटीवर राहिली. बांध जुन्या फाळणीप्रमाणे, म्हणजे तेव्हा पाडलेल्या हिश्श्यांप्रमाणे, नकाशा नव्या योजनेप्रमाणे. अशा वेळी कुणीही बांध कोरलेला नसताना मोजणीत फरक पडतो.

शिवाय 1:5000 च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर रेघ इकडेतिकडे झाली, तर जमिनीवर अडीच मीटर होतात. दोनशे मीटरच्या बांधाला तेवढ्यानेच जवळपास पाच गुंठे जातात. हल्ली रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा ठरवणारं यंत्र, लावून मोजतात, यंत्र अचूक आहे, याबद्दल वाद नाही. पण यंत्राला दिलेली रेघच चुकीची असेल, तर ते चुकीच्या जागी अचूक खूण करणार.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते भूमी अभिलेखाचं एक कार्यालय. नाव घेत नाही. टिपण आणि फाळणी नकाशाची नक्कल मागितली की 'जीर्ण आहे, सापडत नाही' एवढंच तोंडी उत्तर. लेखी द्या म्हटलं की साहेब दौऱ्यावर. पुढे दावा लागला, कोर्टाने मोजणीसाठी कमिशनर नेमला, आणि कमिशनर म्हणून आला तो त्याच कार्यालयाचा माणूस. त्याने पुन्हा तोच गट नकाशा धरून त्याच जागी खुणा केल्या. त्या अहवालावर वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या. जे टिपण 'नाही' म्हणून सांगत होते, ते अखेर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात निघालं, आणि त्यातली मापं आमच्या बांधाशी जुळली. तोपर्यंत वडील गेले होते. एक कागद वेळेवर शोधून दिला असता, तर दोन घरं कोर्टात गेलीच नसती. याचा राग मला आजही आहे आणि तो जाणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: टिपण, फाळणी, गुणाकार बुक (क्षेत्र काढल्याची आकडेमोड) आणि एकत्रीकरणाचं योजना पत्रक (कोणते हिस्से कोणत्या गटात गेले त्याची नोंद) हातात येईपर्यंत दावा नको नि नवी मोजणीही नको. नक्कल रीतसर अर्ज करून मागा, पोच घ्या. नाही म्हणाले तर माहिती अधिकारात टाका, 30 दिवसांत लेखी उत्तर यायला हवं. 'उपलब्ध नाही' हे उत्तरसुद्धा पुढे कामाला येतं. जुने फेरफार 'आपले अभिलेख'वर मिळतात का तेही बघा, सगळ्या जिल्ह्यांचे नाहीत. मोजणीच मान्य नसेल तर वरिष्ठांकडे निमताना मोजणी, म्हणजे आधीच्या मोजणीची फेरतपासणी, लावता येते, पण अर्जात कोणत्या अभिलेखावरून मोजायचं ते लिहाच. कोर्ट कमिशनचा अर्ज करायची वेळ आली तर तिथेही हेच.

चूक योजनेतच निघाली तर तिची दुरुस्ती एकत्रीकरण कायद्याच्या कलम 32 खाली मागतात. तहसीलदारांकडचं जमीन महसूल संहितेचं कलम 155 लेखनातल्या चुकांसाठी आहे. ही दोन्ही कलमं एकच समजणारे सल्लागार मी पाहिलेत. मी वकील नाही, आणि इतक्या वर्षांनी दुरुस्ती मागताना उशिराचा मुद्दा निघतोच, तेव्हा महसुलाची कामं करणारा वकील गाठा. दिवाणीतला चांगला वकील इथे पुरेलच असं नाही.

शेजाऱ्यांशी बोलणं असेल तर त्यांनाही ते टिपण दाखवा. तुमची जमीन त्यांच्या ताब्यात आणि त्यांची तुमच्या ताब्यात, असा अदलाबदलीचा प्रकार 12 वर्षांहून जुना निघाला, तर 2023 पासूनची सलोखा योजना आहे. मुद्रांक हजार, नोंदणी हजार, त्यात दस्त होतो. नुसत्या बांधाच्या अतिक्रमणाला ती लागू नाही. मुदत चालू आहे का, हे दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्या.

आणि रागाच्या भरात त्यांनी रोवलेले दगड उपटू नका, महसूल कायद्यात त्याला दंड आहे. जेसीबीवाल्याला तर शेतात येऊच देऊ नका. आज आहे तसा बांध, झाडं, विहीर यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.