थिएटरचा नकाशा कुठून वाचायचा?

प्रश्न : नमस्कार ताई. १९९४ साली लग्नानंतर आम्ही दोघं पहिला सिनेमा पाहिला तो मुंबईच्या लिबर्टीत. पडदा उघडायच्या आधी तिथल्या भिंती आणि छत बघतच बसलो होतो. आता आमची मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका जुन्या थिएटरच्या अभ्यासासाठी तिने लिबर्टीच निवडलं आहे. हे थिएटर नेमकं कुणी बांधलं? अशा इमारतींचे मूळ नकाशे बघायला मिळतात का? मिळाले तर त्यात काय बघायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलीने लिबर्टी निवडलं हे वाचून फार बरं वाटलं. कुणी बांधलं, याचं उत्तर मात्र एका नावात संपत नाही. मूळ आराखडा रिडली अ‍ॅबट यांचा. काम चालू असतानाच ते विमान अपघातात गेले. इमारत पुरी केली जे. बी. फर्नांडिस यांनी, आणि आतला साज वामन नामजोशींचा. मालक हबीब हुसेन. १९४९ साली थिएटर उघडलं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, म्हणून नाव लिबर्टी. रीगल, मेट्रो, इरॉस या आसपासच्या दिमाखदार थिएटरांत तेव्हा इंग्रजी सिनेमे लागत. तसाच थाट हिंदी सिनेमाला मिळावा म्हणून हे उभं राहिलं. नामजोशींचं नाव मुलीला ठळक लिहून ठेवायला सांगा. जयपूरचं राजमंदिर थिएटरही त्यांचंच. एवढं काम केलेल्या माणसाचं नाव आपल्याच लोकांत इतकं कमी घेतलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नकाशांकडे येते. विद्यार्थी आधी एलिव्हेशन काढायला बसतात, म्हणजे रस्त्यावरून दिसणारा चेहरा. लिबर्टीचा चेहरा आहेच देखणा. पण थिएटरचा खरा नकाशा म्हणजे सेक्शन. इमारत मधोमध कापल्यावर दिसेल तसं ते चित्र. पडदा कुठे, बाल्कनी किती पुढे आलीय, जमिनीला उतार किती, प्रोजेक्टरची केबिन किती उंचावर, हे सगळं एका कागदावर तिथे सापडतं. प्रत्येक रांगेतल्या माणसाच्या डोळ्यापासून पडद्यापर्यंत एक सरळ रेष ओढायची आणि ती पुढच्याच्या डोक्याला लागू द्यायची नाही. जमिनीचा उतार त्या रेषांमधून येतो.

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. १९७९ साली मी मुंबईतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ज्युनियर होते. एका जिल्ह्याच्या गावातल्या जुन्या टॉकीजची दुरुस्ती निघाली आणि मोजमापं घ्यायला आम्हा दोघांना पाठवलं. मॅनेजरच्या खोलीतल्या माळ्यावर धोतराच्या कापडात गुंडाळलेली नकाशांची गुंडाळी निघाली. अर्धी वाळवीने खाल्लेली. सेक्शनचा कागद तेवढा धड होता. कागद म्हणजे ट्रेसिंग क्लॉथ, खळ दिलेलं तलम निळसर कापड. त्यावर काळ्या शाईने काढलेल्या रेषा अजून चकाकत होत्या. बाल्कनीच्या पुढच्या काठापाशी मात्र कापड खरवडलेलं होतं. तेव्हा शाई खोडायची तर ब्लेडने खरवडून काढत. तिथली खळ निघून जायची आणि नवी रेष जरा फुटायची. तशी फुटलेली रेष मागे होती, आणि पुढे जुन्या रेषेची पुसट खूण. मधलं अंतर पाव इंच. एक इंचाला आठ फूट या प्रमाणात दोन फूट.

आम्ही बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगेत गेलो. बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर सुतळीचं एक टोक धरलं आणि दुसरं शिडीवरून पडद्याच्या वरच्या कडेला लावलं. ताणलेली सुतळी बाल्कनीच्या तळाखालून जेमतेम वीतभर अंतराने गेली. काठ दोन फूट पुढे असता, तर खाली मागे बसलेल्यांना पडद्याचा वरचा भाग दिसलाच नसता. ही चूक कुणीतरी कागदावरच पकडली होती. त्या माणसाचं नाव असलेला कोपरा वाळवीने खाल्ला होता.

मुलीला आणखी दोन गोष्टी बघायला सांगा. पहिली केबिन. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भसकन पेट घेणारी. म्हणून जुन्या थिएटरांत केबिन जाड भिंतींची, जायचा-यायचा रस्ता प्रेक्षकांपासून वेगळा, आणि झरोक्यांवर आग लागताच पडणारी लोखंडी झापं. दुसरी गोष्ट पडद्याची रुंदी. १९५३ साली सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्यावरचा सिनेमा, आला आणि जुने, चौकोनाकडे झुकणारे पडदे अपुरे पडू लागले. त्यामुळे खूप थिएटरांत पडद्याभोवतीचं नक्षीकाम फोडलं गेलं, नाहीतर झाकलं गेलं. मूळ नकाशा आणि आजची मापं शेजारी ठेवली की हा बदल लगेच दिसतो.

नकाशे मिळवायचे तर आधी मालकांना विनंतीचं पत्र लिहा. सोबत कॉलेजचं पत्र जोडा. मूळ आर्किटेक्टचं ऑफिस चालू असेल तर तिथेही विचारा. मंजूर नकाशे महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यात असतात. त्याशिवाय थिएटरला परवाना लागतो आणि त्या फायलीतही नकाशे जोडलेले असतात. मुंबईत ही फाईल पोलिस आयुक्तांकडे, जिल्ह्यात कलेक्टर कचेरीत. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मंजूर नकाशावर रंगांकडे लक्ष ठेवा. नवं काम लाल, पाडायचं काम पिवळं. पुढे केलेले फेरफार यावरून उलगडतात. आर्ट डेको मुंबई ही संस्था शहरातल्या लिबर्टीसारख्या आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ठसठशीत भौमितिक शैलीतल्या, इमारतींची नोंद ठेवते, तिथे जरूर जा. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला. त्यात इरॉस आणि रीगल आहेत.

गुंडाळी हाती आलीच तर ओढून सपाट करू नका. दोन दिवस हलक्या वजनाखाली हळूहळू उलगडू द्या. फाटलं असेल तिथे सेलोटेप लावायची नाही आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेली नकाशाची नक्कल, असेल तर उन्हात ठेवू नका, रेषा उडून जातात. आधी सगळ्याचे फोटो काढा, अगदी कोपऱ्यातल्या सहीचासुद्धा. आम्ही त्या टॉकीजमध्ये ते केलं नाही. काही वर्षांनी ते पाडलं. मी नकाशांची चौकशी करायला गेले, तर ते रद्दीत गेले होते.