माफी कापली? आधी शिक्षा-बुकातली नोंद मागा

ताई, तुमच्या भावाच्या बराकीत झडतीत मोबाईल सापडला, अधीक्षक साहेबांसमोर पाच मिनिटांत सुनावणी उरकली, मुलाकत बंद झाली आणि माफीचे (म्हणजे शिक्षेतून मिळालेल्या सुटीचे) दिवस कापले गेले. आता थेट हायकोर्टात जायचं का, असं तुम्ही विचारलंय. कळव्याहून आधी ठाण्यात कोर्ट नाक्याला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात या, हायकोर्टाचं नंतर बघू. (आणि कारागृहाचं नाव इथे लिहू नका, भाऊ अजून आतच आहे.)

मोफत कायदेसेवेच्या पॅनलवर मी बरीच वर्षं काढली. घरचे येतात ते "मोबाईल त्याचा नव्हताच" इथूनच सुरुवात करतात. नसेलही. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा कागद तपासणं सोपं.

1894 च्या तुरुंग कायद्यात चौकशी अधीक्षकाची, निर्णय त्याचा आणि शिक्षाही त्याचीच. शेजारी वकील नसतो. कलम 51 प्रमाणे शिक्षा-बुकात गुन्हा, तारीख, आधीचे गुन्हे, शिक्षा असं सगळं चढवायचं. गुन्हा गंभीर असेल तर साक्षीदारांची नावंही. कैद्याचं म्हणणं लिहून घ्यायचं बंधन मात्र त्या कलमात फक्त फटक्यांच्या शिक्षेपुरतं! म्हणजे पाठ सोलायची असेल तरच त्याचं ऐकलेलं कागदावर दिसायला हवं.

हे बदललं ते तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या कैद्यामुळे. दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल त्याने सुप्रीम कोर्टाला पत्र धाडलं. डिसेंबर 1979 च्या निकालात कोर्टाने सांगितलं की एकांत कोठडी असो, सवलती काढणं असो की शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवणं, सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करायचं नाही. तातडीच असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं. हा निकाल घटनेच्या कलम 21 वर, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कावर उभा आहे, तेव्हा तुरुंगाचा कायदा नवा आला तरी तो पुसला जात नाही.

एका प्रकरणात मी नोंद मागवली. "गुन्हा कबूल" आणि खाली अंगठा. माझ्या वकीलपत्रावर त्याच माणसाची ठसठशीत सही होती. सत्र न्यायालयाला पत्र गेलं होतं पाच आठवड्यांनी. मोबाईल कुणाचा हा प्रश्न निघालाच नाही, कापलेले दिवस परत मिळाले.

तर अर्जात तीनच गोष्टी मागा: शिक्षा-बुकातल्या नोंदीची नक्कल, भावाचा जबाब, आणि सत्र न्यायाधीशांकडे प्रकरण कधी गेलं व त्यांनी काय शेरा मारला. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या किंवा विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, कमाई विचारत नाहीत. भाऊ तळोज्याला असेल तर ठाण्याला हेलपाटा घालू नका. पत्ता नवी मुंबईचा असला तरी ते रायगड जिल्ह्यात येतं.

मुलाकत बंद आहे म्हणून अडून बसू नका. पॅनलचा वकील आत जाऊन भेटेल. त्याच्याजवळ भावाचा कैदी नंबर आणि झडतीची तारीख तेवढी लिहून द्या.