मोकळ्या जागेतले टाके

प्रश्न : मी नुकतंच एका मॉडर्न क्विल्टचं, म्हणजे तीन थरांच्या गोधडीचं, वरचं पान जोडून पूर्ण केलं. सगळं प्लेन कापड, राखाडीवर एका कोपऱ्यात तीन केशरी पट्ट्या, बाकी मोकळं. मुलगी म्हणते थर एकत्र धरणारे टाके मशीनवर टाक, पटकन होईल. मला हाताने करायचंय, पण अशा डिझाइनवर ते जुनाट दिसेल का?

उत्तर : अजिबात नाही हो! उलट अशाच क्विल्टवर हाताचा टाका खुलतो, कारण फुलाफुलांच्या कापडात तो हरवून जातो आणि प्लेनवर मात्र प्रत्येक टाक्याशी बारीकशी खळी पडते, संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की बघा, सगळं कापड हलल्यासारखं वाटतं. आणि मॉडर्न म्हणजे मशीनचंच असं कुठेय? २००९ मधे लॉस एंजेलिसला मॉडर्न क्विल्ट गिल्ड, म्हणजे अशा क्विल्ट करणाऱ्यांची संघटना, सुरू झालं, त्यानंतर हे नाव जास्त कानावर यायला लागलं, पण मोठे प्लेन तुकडे, वाकड्या पट्ट्या, अंदाजाने कापून जोडणं हे अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड गावच्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून करत होत्या, झिजलेल्या कामाच्या कपड्यांमधून, आणि टाके हाताचेच. २००२ मधे ह्यूस्टनच्या म्युझियममधे त्या क्विल्ट भिंतीवर लागल्या तेव्हा लोकांना त्यात मॉडर्न पेंटिंग दिसलं.

मी सध्या एक निळी करतेय, त्यात एकच पिवळी पट्टी, मध्यापासून जरा बाजूला. आधी सगळीकडे सारख्या अंतरावर ओळी घालणार होते, दोन दिवस तशा घातल्या पण, मग उसवल्या. आता पट्टीजवळ अर्ध्या अर्ध्या इंचावर दाट ओळी आणि लांब जाऊ तशा विरळ, त्यामुळे नजर आपोआप पट्टीकडे जाते. तुमच्या केशरीला हे छान दिसेल. फक्त विरळ किती करायचं ते आतल्या बॅटिंगवर, म्हणजे मधल्या मऊ थरावर ठरतं, दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे गेलात तर धुतल्यावर आतला थर सरकून गोळा होऊ शकतो. आणि जाड दोरा वापरून बघा, पर्ल कॉटन ८ नंबर, टाका पाव इंचाच्या आसपास. काम भराभर पुढे सरकतं आणि टाका लांबूनही दिसतो.

प्रश्न : माझे टाके कधी मोठे कधी छोटे येतात, आणि खालच्या हाताचं बोट टोचून टोचून दुखतं. काय चुकतंय?

उत्तर : बहुतेक तुम्ही रिंगमधे, म्हणजे कापड धरायच्या गोल चौकटीत, कापड फार ताणताय. भरतकामात ताणतो तसं इथे नाही चालत, मधे तळवा ठेवला तर कापड थोडं खाली गेलं पाहिजे, तरच सुई वर-खाली डोलवता येते. सुई सरळ उभी टोचायची, टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की त्याच बोटाने कापड वर ढकलायचं आणि सुई आडवी करायची, असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा. वरच्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. आखूड क्विल्टिंगच्या सुया घ्या, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई छोटी, सुरुवातीला ८ किंवा ९ बरी. बारीक टाक्याच्या मागे लागू नका, सारखे येऊदेत. बोट हुळहुळलं की त्या दिवशी थांबा, खरंच.

आणि सुरुवातीची गाठ खाली सोडू नका, वरच्या कापडातून हलकेच आत ओढून घ्या. टप्प असा बारीक आवाज येतो आणि गाठ बॅटिंगमधे गायब! मला तर त्या आवाजासाठी नवा दोरा ओवावासा वाटतो.

प्रश्न : इस्त्रीने पुसल्या जाणाऱ्या पेनच्या रेषा परत उमटल्या, आता काय करू?

उत्तर : ती शाई उष्णतेने दिसेनाशी होते, निघून जात नाही, म्हणून कडक थंडीत परत दिसते. परत इस्त्री फिरवा, तात्पुरतं जाईल. पुढच्या वेळी एखाद्या वस्तूच्या बोथट कडेने दाबून नुसती खूण पाडा किंवा कागदी चिकटपट्टी लावून तिच्या कडेकडेने टाके घाला, पण पट्टी त्याच दिवशी काढा नाहीतर गोंद राहतो.