आधी बाक शोध

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. सगळी छायाचित्रे राजाबाई टॉवरची आणि पदवीदान सभागृहाची आहेत, आणि मुंबई विद्यापीठाच्या इतिहासावरचे तुझे पहिलेच प्रकरण का अडले आहे हे मला त्यावरूनच कळले. इतक्या सुंदर दगडासमोर माणूस उभा राहिला की त्याला वास्तूखेरीज दुसरे काही सुचत नाही. मलाही सुचले नव्हते, म्हणून जरा कडक लिहितो आहे.

१८ जुलै १८५७ रोजी हे विद्यापीठ कायद्याने जन्मले, तेव्हा त्याच्या मालकीचा एकही वर्ग नव्हता. लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवला होता. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची आणि शिकवण्याचे काम महाविद्यालयांवर सोडायचे. कचेरी टाउन हॉलमध्ये होती. १८६२ साली रानडे आणि भांडारकर पदवीधर झाले ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून. म्हणून तुला माझे एकच सांगणे आहे. कोणतेही साल लिहिण्याआधी विचार, त्या साली विद्यार्थी कुठल्या बाकावर बसला होता? आधी बाक शोध, मग मनोरा.

हा प्रश्न विचारलास की नकाशाच बदलतो. पुढे वकील झालेल्या कॉर्नेलिया सोराबजींची पदवी मुंबईची, पण बाक पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातला. कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयातला मुलगा मुंबईचा पदवीधर होई, आणि धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयातलाही. पुण्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला स्वातंत्र्य यावे लागले. सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या या विद्यापीठाचा परिसर तू ओव्हल मैदानासमोरच्या एका कुंपणात कसा मावणार आहेस?

इंग्रज वास्तुविशारद स्कॉटची ही वास्तू टाळ, असे मी म्हणत नाही. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत, त्यांचे आराखडेच तेवढे आले. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून सभागृह १८७४ साली पुरे झाले. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी कापसाच्या तेजीत दोन लाख रुपये देऊ केले, पुढे बाजार कोसळून ते स्वतः बुडाले, तरी त्यांच्या आईच्या नावाचा मनोरा १८७८ मध्ये उभा राहिलाच. सभागृहातल्या गोल खिडकीच्या रंगीत काचांवर बारा राशी आहेत. त्यांच्यावर तू दोन पाने लिहिलीस आणि ती चांगली उतरली आहेत. पण मनोरा पुरा झाला त्या दिवशीही विद्यापीठ स्वतः कुणाला शिकवत नव्हते. हे वाक्य तुझ्या पहिल्या पानावर हवे होते. ते कुठेच नाही.

शिकवण्याची मुभा १९०४ च्या कायद्याने दिली, आणि खरा बाक आला १९१९ मध्ये, समाजशास्त्राच्या विभागासाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आले तेव्हा. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. मग फोर्टात जागा पुरेना आणि गाडा कलिन्याकडे वळला. तिथल्या विद्यानगरी या परिसराच्या २०० हून अधिक एकरांवर तू एक परिच्छेद खर्च केला आहेस, कारण तिथे छायाचित्र काढावे असे काही नाही. अगं, मी एम.ए. तिथेच केले! माझ्या बाकावर कुणीतरी कर्कटकाने तारीख कोरली होती, आणि कंटाळवाण्या तासाला मी तिच्यावरून नख फिरवत बसायचो. कुर्ल्याहून बसने लोंबकळत यायचे, शिकायचे कलिन्यात, आणि कागदावर मात्र टॉवरचे चित्र मिरवायचे. या विसंगतीत एक अख्खे प्रकरण दडले आहे.

तू म्हणशील, सरांनी स्वतः काय केले? मी टॉवरवर एक पुस्तिका लिहिली. त्याच सुमारास परीक्षा विभागातून निवृत्त झालेले एक लिपिक गिरगावात राहत होते. हाताने गुणतक्ते लिहिण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. "या एकदा, सांगतो सगळं," असे ते दोनदा म्हणाले. मला कमानींची मापे जुळवायची होती, छपाईची मुदत होती, घरी आजारपण होते. ही कारणे खोटी नाहीत, आणि पुस्तिकेतले एकही माप चुकलेले नाही, हेही नोंदवून ठेवतो. मात्र मी गेलो तेव्हा त्यांच्या दारावर नाव दुसऱ्याचे होते.

तेव्हा शनिवारी ग्रंथालयात जा आणि विद्यापीठाची जुनी वार्षिक कॅलेंडरे मागव. त्यांतल्या पदवीधरांच्या याद्या काढ, कोण कुठल्या महाविद्यालयातून आला ते एका वहीत उतरव, आणि निदान दहा वर्षांच्या याद्यांचे काम झाल्याशिवाय मला लिहू नकोस. छायाचित्रे परत पाठवतो आहे. खिडकीचे तेवढे एक मी ठेवून घेतले आहे.

तुझे सर