'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन भागांपैकी तुमचा सर्वांत आवडता कोणता आणि का?

पहिला. 'फेलोशिप ऑफ द रिंग', 2001.

बहुतेक जण तिसऱ्याचं नाव घेतील, आणि त्यांची बाजू कागदावर भक्कम आहे. 'रिटर्न ऑफ द किंग'ला ऑस्करची 11 नामांकनं होती, अकराच्या अकरा पदरात पडली. पहिल्याला 13 नामांकनं मिळूनही हाती लागले चारच. पण पीटर जॅक्सनने तिन्ही भागांचं मुख्य चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये 1999-2000 मध्ये एका दमात उरकलं होतं आणि मग दर डिसेंबरात एकेक भाग सोडला. माझ्या मते अकादमीने शेवटी सगळी थकबाकी एकदम चुकती केली.

मला पहिला आवडतो तो मुख्यतः बोरोमिरमुळे. सगळ्यांना मोहात पाडणारी दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेल्या टोळीतला हा एक योद्धा. शॉन बीनने काय काम केलंय! बर्फातल्या डोंगरावरचा प्रसंग पुन्हा बघा. अंगठी बाळगणारा हॉबिट (बुटक्या जमातीतला) फ्रोडो घसरतो, ती गळ्यातून निसटून बर्फात पडते आणि बोरोमिर साखळी धरून ती उचलतो. एवढ्याशा वस्तूपायी केवढी ही भीती, असं स्वतःशीच बोलतो. टोळीतलाच, राजगादीचा वारस असलेला अ‍ॅरागॉर्न अंगठी परत द्यायला सांगतो तेव्हा तो देतो, वर हसून फ्रोडोचे केस विस्कटतो, जणू काही झालंच नाही. तो वळल्यावर अ‍ॅरागॉर्नचा तलवारीच्या मुठीवरचा हात सैल होतो. मारामारी नाही, आरडाओरडा नाही, पण अंगठी माणसाचं काय करते ते तिथे कळतं. पुढच्या दोन भागांत हजारोंच्या फौजा येतात, पण त्या साखळीएवढी धास्ती मला कशाचीच वाटली नाही.

त्याच्या थोडंच आधी हाच बोरोमिर टोळीतल्या मेरी आणि पिपिन ह्या दोन हॉबिटांना तलवार शिकवताना दिसतो. चुकून पिपिनच्या हाताला लागतं, तो माफी मागतो, आणि ते दोघे मिळून त्याला लोळवतात. शेवटी ह्याच दोघांना वाचवताना तो छातीवर बाण झेलतो. मूळ कादंबरीत त्याचा मृत्यू दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला येतो, आणि ती झुंज आपल्याला थेट दिसतही नाही. अ‍ॅरागॉर्न पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. जॅक्सनने तो प्रसंग ओढून पहिल्या सिनेमाच्या शेवटी आणला. त्यामुळे ज्याला राजा मानायला बोरोमिर तयार नव्हता, त्या अ‍ॅरागॉर्नलाच मरताना राजा म्हणतो, हे वर्तुळ एकाच भागात पुरं होतं. पुस्तकाशी इमान राखणाऱ्यांनी माझ्यावर रागवावं, पण हा बदल मूळापेक्षा सरस आहे.

दुसरा भाग, 'टू टॉवर्स', म्हणजे बहुतेकांसाठी हेल्म्स डीप ह्या किल्ल्यावरची लढाई. पाऊस, रात्र, तीनशेंसमोर दहा हजार. लढाई अप्रतिम आहे, वाद नाही. अंगठीने पछाडलेल्या गॉलमचं स्वतःशीच भांडण तर त्याहून भारी, ते काम करणाऱ्या अँडी सर्किसला त्याचं श्रेय द्यावं तेवढं थोडं. माझं घोडं अडतं ते बोरोमिरचा धाकटा भाऊ फारामिरपाशी. पुस्तकात तो अंगठीचा मोह सहज बाजूला सारतो. सिनेमात फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम ह्यांना बांधून ऑस्गिलिअथ शहरापर्यंत फरफटत नेतो. का, ते थिएटरच्या आवृत्तीत नीट पटत नाही. नंतर आलेल्या लांब आवृत्तीत मात्र एक आधीच्या काळातला प्रसंग आहे: बाप डेनेथर बोरोमिरचं कौतुक करतो, फारामिरला हिडीसफिडीस करतो आणि थोरल्याला अंगठी आणायला पाठवतो. तेवढ्याने दोघा भावांचं गणित सुटतं. असला प्रसंग कापायचं कुणाच्या मनात आलं देव जाणे.

तिसऱ्यात एकापाठोपाठ पेटत जाणारे इशाऱ्याचे जाळ आणि रोहान राज्याच्या घोडदळाची धाव ह्यांना तोड नाही. पण घोडेस्वार जिवावर उदार होऊन लढतात आणि मग ती हिरवी भुतं येऊन फरशी पुसावी तसं अख्खं मैदान साफ करतात! आधी सांडलेल्या रक्ताला मग अर्थ काय राहिला? शिवाय थिएटरच्या आवृत्तीत दुष्ट जादूगार सारुमान दिसतच नाही; दोन भाग ज्याने जीव खाल्ला त्याचा शेवट कापून टाकला.

शेवट संपता संपत नाहीत ही तक्रार मात्र माझी नाही. चौघे हॉबिट गावच्या गुत्त्यात प्याले घेऊन गप्प बसलेत आणि बाकी सगळे एका भल्यामोठ्या भोपळ्याचं कौतुक करतायत, हा प्रसंग त्या लांबलेल्या शेवटांतच आहे. तो गेला असता तर मी नक्की चिडलो असतो.

तेव्हा माझा क्रम पहिला, तिसरा, दुसरा. लांब आवृत्त्या धरल्या तर दुसरा तिसऱ्याच्या वर जातो. पहिल्यांदाच बघणार असाल तर पहिला आणि तिसरा थिएटरच्या आवृत्तीत बघा, दुसरा लांबच बघा. तिसऱ्याची लांब आवृत्ती चार तासांच्या वर जाते, ती पुढच्या खेपेला.