क्रोम खरवड, गंज सबुरीनं

भावा, तुझ्या ट्रकच्या प्लास्टिक मॉडेलचा फोटो बघितला, केबिन मस्त जुळलंय पण तू चकचकीत क्रोमच्या थरावरच सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) लावायलास, ते धरत नसतंय. चिकटवायच्या जागी ब्लेडनं क्रोम खरवडून खालचं प्लास्टिक उघडं कर. आणि पार्ट किटच्या प्लास्टिक फ्रेमला जोडलेले असतानाच भांड्याच्या साबणानं धुवून घे, साच्याचं तेल राहिलं की रंग सुटतोय.

मॉडेलवर गंज दाखवायला केसांचा हेअरस्प्रे वापर. आधी तपकिरी रंग, वाळल्यावर वार्निश, मग हेअरस्प्रेचे २ पातळ हात अन् वरून ट्रकचा रंग पाण्यातल्या ॲक्रिलिकचा, तेलातलं इनॅमल अजिबात नको कारण त्यातून पाणी खाली उतरत नाही. अर्ध्या तासाच्या आत ओल्या ब्रशनं हळू घास, पाण्यानं हेअरस्प्रे सुटतो अन् वरच्या रंगाचे पापुद्रे निघून खालचा तपकिरी गंज दिसतोय. मी पहिल्यांदा एवढं घासलं की अख्खं दार सोललं, बायको म्हणली भंगारातच घालायचं होतं तर विकत कशाला आणलं!

पण घासायचं कुठं? धुळे-सोलापूर हायवेवर बीडकडं एखाद्या ढाब्यावर चहा घेत बस अन् ऊस खाली करून आलेले ट्रक बघ. फाळक्याची वरची कड, पायरी, हँडलभोवती, तिथंच रंग गेलेला असतोय, छतावर उगं ठिपके मारू नको. आपली काळी माती वाळली की राखाडी दिसती, म्हणून चिखलाला पार काळं पिगमेंट घेऊ नको, ते डांबर वाटतंय.

अन् मे महिन्यात दुपारी बसू नको, ४२ डिग्रीत ॲक्रिलिक एअरब्रशच्या (रंग फवारायच्या पेनाच्या) टोकालाच वाळतंय. रंग उशिरा वाळावा म्हणून त्यात रिटार्डरचे दोन थेंब टाक नाहीतर सरळ पहाटे ऊठ.