चाळिशीनंतर वाचताना कपाळ दुखतं. चष्मा लावला तर नंबर वाढत जातो का?

तुम्ही लिहिलंय की वय 44, लांबचं स्वच्छ दिसतं, पण ऑफिसातून घरी येईपर्यंत भुवयांच्या वर ठणकायला लागतं आणि गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचायला हात लांब करावा लागतो. सासरे म्हणतात, एवढ्यात चष्मा नको, सवय लागेल, नंबर वाढत जाईल. रस्त्यावरचा तयार चष्मा चालेल का, हेही विचारलंय.

चष्मा लावा. सासऱ्यांचं बाकी सगळं ऐका, हे ऐकू नका. हाच सल्ला आमच्या घरात माझ्या आईला मिळाला होता आणि त्यापायी तिची उमेदीची वर्षं कपाळ धरून गेली.

आई सांगलीत घरीच ब्लाऊज शिवायची. मशीनवरचं काम तिला कधी जड गेलं नाही. त्रास हातशिलाईचा: हुक, काजं, गळ्याची तुरपाई. चाळिशी ओलांडली आणि दुपारनंतर तिचं कपाळ दुखायला लागलं. घरात निदान ठरलेलंच होतं, पित्त. मग मोरावळा, आमसुलाचं पाणी, कपाळाला सुंठेचा लेप, रात्री बाम. सुईत दोरा ओवायला आम्हा भावंडांना हाक यायची. पुढे तिने काळ्या कापडाचं काम दिवेलागणीनंतर हातात घेणं सोडलं. लग्नसराईत दुसऱ्या दिवशी ब्लाऊज हवा असणारी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ‘माझा हातच चालेना झालाय’ असं ती म्हणायची, ते मला आजही सहन होत नाही. तिच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

थोरले काका शिक्षक, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचे मुद्दे दोन. गल्लीच्या टोकाची पाटी हिला वाचता येते, मग डोळे बिघडले कुठे? आणि चष्मा एकदा नाकावर चढला की उतरत नाही, डोळे परावलंबी होतात. त्यापेक्षा गाजर खावं, पहाटे गवतावर अनवाणी चालावं.

बारावीत असताना मी घरात भांडून आईला मिरजेला डोळे तपासायला नेलं. जाण्याआधी तिच्या डोळ्यापासून हातातल्या कापडापर्यंतचं अंतर तिच्याच टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं, 33 सेंटिमीटर. तपासणाऱ्या बाईंनी ती चिठ्ठी बघून ‘हे फार बरं केलंस’ म्हटलं. रिकाम्या फ्रेममध्ये भिंगं बदलत बदलत निघालं ते असं: लांबचा प्लस 0.75, आणि जवळच्यासाठी वर आणखी 1.00.

लांबचा नंबर ऐकून आई चक्रावली, कारण लांबचं तिला चांगलंच दिसायचं. हीच गोष्ट काकांना शेवटपर्यंत पटली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. डोळ्यातलं भिंग जवळचं बघताना फुगतं, आणि ते काम डोळ्यातला एक बारीक स्नायू करतो. प्लस नंबर असलेल्या डोळ्यात तो स्नायू लांबचं बघतानाही राबत असतो. दिसतं स्वच्छ, पण फुकट दिसत नाही. घागर उचलता येणं वेगळं आणि दिवसभर कडेवर धरून उभं राहणं वेगळं.

वयाबरोबर भिंग कडक होत जातं. दहाव्या वर्षी जवळचं बघायची ताकद साधारण 14 डायॉप्टर असते (चष्म्याचा नंबर मोजतात ते हेच एकक), चाळिशीत 5च्या आसपास, साठीत जेमतेम 1. 33 सेंटिमीटरवर बघायला 3 लागतात, आईला लांबचे 0.75 धरून पावणेचार. असलेल्या ताकदीच्या निम्म्याहून जास्त सतत वापरावी लागली की डोळा दमतो आणि कपाळ दुखतं. तुमचं लक्षण मला नेमकं हेच वाटतं.

चष्मा आला आणि काही आठवड्यांत बामची बाटली कपाटात गेली. काळे ब्लाऊज पुन्हा घरी यायला लागले. हे फक्त आमच्या घरचं नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या 751 कामगारांवर झालेला अभ्यास 2018 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. ज्यांना जवळचा साधा चष्मा मिळाला त्यांची पानं खुडण्याची क्षमता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. पन्नाशीपुढच्या कामगारांत तर तिसाहून जास्त टक्क्यांनी.

आता नंबर वाढण्याचं. आईचा जवळचा नंबर साठीपर्यंत वाढत गेला आणि दर वेळी काका म्हणाले, ‘मी सांगितलं होतं.’ पण काकांनी तर चष्मा कधीच लावला नाही! तरी पन्नाशीत ते पेपर हात ताणून वाचायचे आणि लाइटबिल आम्हाला वाचायला लावायचे. नंबर वय वाढवतं. चष्मा लावा नाहीतर लावू नका, भिंग कडक व्हायचं ते होणारच. ‘सवय लागते’ म्हणतात ती आरामाची सवय, आणि ती लागू द्यावी. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर काकांना अचानक बिनचष्म्याचं वाचता यायला लागलं, तेव्हा त्यांनी पाहुण्यांसमोर आईला ऐकवलं की संयम ठेवला की डोळे असे राहतात. तो मोतीबिंदू होता. भिंग पिकताना डोळा मायनसकडे झुकतो, जवळचं सुधारतं आणि लांबचं धूसर होत जातं. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी हा विषय काढला नाही. आईनेही काढला नाही, म्हणून मी काढतेय.

तयार चष्म्याचं: दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि सिलिंडर, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने येणारा तिरका नंबर, नसेल तर चालतो. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी तपासणी. जाताना पुस्तकाचं आणि ऑफिसातल्या स्क्रीनचं अंतर मोजून न्या. स्क्रीन साधारण 60 सेंटिमीटरवर असते आणि वाचायचा नंबर तिथे जास्त होतो. नुसता वाचायचा चष्मा लावून स्क्रीनकडे बघत बसलात तर मान पुढे काढून काढून मान दुखेल. स्क्रीनसमोर पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, तेही तपासताना सांगा.

एक मात्र आहे, प्रत्येक डोकेदुखी डोळ्यांची नसते. सकाळी उठल्याउठल्या दुखत असेल तर रक्तदाब वगैरे बघून घ्या. नंबर सारखा खालीवर होत असेल तर साखर तपासा. डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलटी असेल तर पित्त म्हणून झोपू नका. तो काचबिंदूचा झटका असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पन्नाशीपुढच्या कुणाचं कानशील नुसता हात लागला तरी दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल, तर तेही लगेच दाखवायचं.

तपासणीला सासऱ्यांनाही सोबत न्या. ते बिनचष्म्याचं वाचता येतं म्हणत असतील तर नक्कीच न्या.